दोन बोटं माया

माइतेनने फोनवर मापं सांगितली:
छाती अठ्ठ्याऐंशी, कंबर एकाहत्तर.
इथून गेली तेव्हा होती तीच,
आणि जाऊन आठ वर्षं झाली.
मी वहीत लिहून घेतली
आणि त्यांच्याच खाली, त्याच बोथट पेन्सिलीने,
तिकीट देणाऱ्या मुलाने सांगितलेलं माप:
सांतियागो ते ऑकलंड
नऊ हजार सहाशे साठ किलोमीटर.
जाताना तेरा तास, येताना अकरा.

म्हटलं, रस्ता एक आणि मापं दोन कशी?
वारा, सेन्योरा, तो म्हणाला,
जाताना समोरून येतो.
पटलं.
आमच्या टेकडीवरून बाजारात उतरायला दहा मिनिटं,
बटाटे घेऊन चढायला पंचवीस.

डॉन एवारिस्तो जहाजावर तारयंत्री होते.
त्यांच्या भिंतीवरच्या नकाशावर मी पट्टी ठेवली,
रेघ सरळ पश्चिमेला गेली, निळ्यातून.
मग त्यांनी गंजक्या आसाचा पृथ्वीगोल उतरवला,
म्हणाले, आता दोरा ताणून धर.
दोरा घसरला
खाली, दक्षिणेला, बर्फाच्या बाजूला.
नकाशा खोटा आहे का हो?
खोटा नाही, सपाट आहे.

हे मात्र मला कुणी शिकवायला नको होतं.
चाळीस वर्षं सपाट कापड
गोल खांद्यांवर बसवतेय मी.
कुठेतरी टक्स घ्यावाच लागतो,
नाहीतर काखेत फुगतं
आणि वालपराइसोभर बोभाटा होतो.

तेरा ऑगस्टच्या रात्री साडेअकराला निघालो,
पंधराच्या पहाटे उतरलो.
चौदा तारीख मला कुणी दाखवलीच नाही.
खिडकीबाहेर तेरा तास एकच रात्र,
ताग्यासारखी उलगडत जाणारी,
कुठे जोड नाही, काठ नाही.
लग्नाचा पोशाख मांडीवर.
वर ठेवा, म्हणाली ती हवाईसुंदरी.
मी नाही ठेवला.
शेजारी पुएर्तो मोंतचा एक मासेपालनवाला,
तो घोरत होता, मध्येच जागा होऊन म्हणाला,
एक दिवस गेला बघा आपल्या आयुष्यातून.
मी हसले नुसती.
गेलेलं आणि आत दुमडलेलं
यात फरक असतो,
पण मध्यरात्री समुद्रावर
परक्या पुरुषाला शिवण काय समजावणार?

विमानतळावर त्यांनी विचारलं, बिया आहेत का, मध आहे का,
बुटांना माती आहे का.
टाचण्यांबद्दल कुणी विचारलं नाही.
बाहेर माइतेन.
मी मिठी मारली आणि माझ्या हातांनी,
मी न सांगता, माप घेतलं.
जिथे बोटं एकमेकांना भेटायची
तिथे भेटली नाहीत.
दोन बोटं कमी पडली.

आई, म्हणाली ती, फोनवर नाही सांगता आलं.
मी म्हटलं, गाडी कुठेय?

ते पुकेला, कीवीच्या बागांमधल्या त्या घरात
स्वयंपाकघरातल्या टेबलावर रात्री पोशाख उसवला.
तामातीची आई, मेरेआना, दिवा धरून बसली.
तिची भाषा मला येत नाही, माझी तिला.
पण शिवण उघडली आणि आत
दुमडून ठेवलेलं कापड दिसलं
तेव्हा तिने बोट लावून पाहिलं,
मग माझ्या खांद्याला लावलं.
माझ्या आईने लावलेली सवय ही.
दोन बोटं माया सोडायचीच, म्हणायची,
बाई वाढते, कापड वाढत नाही.

परतीच्या तिकिटावर छापलंय की
संध्याकाळी निघेन
आणि त्याच दिवशी दुपारी पोचेन.
म्हणजे दुमडलेलं तेव्हा सुटेल.
पण ती चौदा तारीख नसेल,
दुसरीच कुठली तरी, सप्टेंबरातली.

पोशाख आता बसतो.
फक्त जुन्या टाक्यांची भोकं
इस्त्रीने पुरती बुजली नाहीत.
डाव्या कुशीला, जवळून पाहिलं तर,
एक बारीक ठिपक्यांची रेघ आहे.
लग्नात कुणी इतक्या जवळून पाहत नाही.
मी पाहिलं.